यांत्रिक करवत घेण्यापूर्वीं आपले दिवस मोजावे

सन २०२० च्या जून महिन्याची ३ तारीख रायगड व उत्तर रत्नागिरी भागांतील बागायतदारांस विसरतां येणें शक्य नाहीं. त्या दिवशीं दुपारीं 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यास लागलें आणि कांहीं तासांतच श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या टापूंतील नारळ-पोफळीच्या वाड्या व आंब्याच्या बागा आडव्या झाल्या. वाटा बंद, घरांवर झाडें, विहिरींत फांद्या, आणि वर पावसाळा तोंडाशीं आलेला. कुऱ्हाड व हातकरवत घेऊन हें काम किती दिवसांत उरकणार? अशा वेळीं ज्याच्याकडे लांकूड कापण्याची यांत्रिक करवत होती त्याच्या दारांत माणसांची रीघ लागली, आणि ज्याच्याकडे नव्हती तो ती कोठें मिळेल याची चौकशी करूं लागला.

त्या घाईंत आमच्या भागांत अशीं पुष्कळ यंत्रें आलीं. त्यांपैकीं किती आज चालू स्थितींत आहेत हें ज्यानें त्यानें आपल्या पडवींत जाऊन पाहावें. अनेक घरीं तीं माळ्यावर गंजत पडलेलीं आहेत. कांहीं ठिकाणीं दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किंमतीच्या अर्ध्यावर गेला. आणि एकदोन ठिकाणीं, आमच्या घरासह, त्याहून वाईट झालें. यंत्र वाईट होतें असें सर्वत्र म्हणतां येणार नाहीं. पुष्कळदां यंत्र व काम यांचा मेळच घातलेला नव्हता. तो मेळ कसा घालावा, हें सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

यंत्राचें स्वरूप

बाजारांत 'चेन सॉ' किंवा नुसतें 'कटर' म्हणून जें ओळखलें जातें त्या यंत्राची रचना सोपी आहे. एका लांबट लोखंडी पट्टीच्या कडेनें दांते असलेली सांखळी फिरते, आणि तिला फिरविण्यास पेट्रोलचें लहान इंजिन किंवा विजेची मोटर असते. या पट्टीस कारागीर 'बार' म्हणतात. आंद्रेआस श्टील या जर्मन यंत्रज्ञानें १९२६ सालीं विजेवर चालणारी अशी करवत तयार केली व १९२९ सालीं पेट्रोलवर चालणारी. आरंभींचीं यंत्रें इतकीं जड असत कीं तीं उचलण्यास दोन माणसें लागत.

आजच्या सांखळीचे दांते मात्र अमेरिकेंतील जोसेफ कॉक्स नांवाच्या लांकूडतोड्याच्या निरीक्षणांतून आले. लांकूड पोखरणाऱ्या एका भुंग्याची अळी आपल्या दोन जबड्यांनीं आळीपाळीनें डावीकडे व उजवीकडे कातरत पुढें जाते, हें त्यानें पाहिलें आणि १९४७ च्या सुमारास त्याच धर्तीवर एक दांता डावा, एक उजवा अशी सांखळी बनविली. आपल्या आंब्याच्या खोडांत शिरणारा भिरूड याच भुंग्याच्या कुळांतला आहे. ज्या किडीनें आपलीं कलमें वाळविलीं तिच्याच जातभाईपासून हें हत्यार निघालें, ही गोष्ट बागायतदारांस चमत्कारिक वाटेल. परंतु तींतून एक बोध घेण्यासारखा आहे. अळी लहान असून मोठें झाड पोखरते, ती जबड्याच्या धारेवर. यंत्राचेंही तसेंच आहे; इंजिन कितीही मोठें असलें तरी सांखळीची धार गेली कीं तें निरुपयोगी.

आधीं दिवसांची वही

दुकानांत गेल्यावर विक्रेता प्रथम इंजिन किती सी.सी. चें आणि पट्टी किती इंचांची हें सांगतो. गिऱ्हाईकानें त्यापूर्वींच एका प्रश्नाचें उत्तर घरून ठरवून नेलें पाहिजे: मी वर्षांतून किती दिवस लांकूड कापतों? हें अंदाजानें सांगूं नये. एक कागद घ्यावा, गेल्या सालाचे बारा महिने मांडावे आणि प्रत्येक महिन्यापुढें काम लिहावें.

आमच्याकडे हें काम साधारण असें निघतें. पावसाळा संपल्यावर बागेची साफसफाई, म्हणजे वाळलेल्या व बांडगूळ लागलेल्या फांद्या काढणें. त्यानंतर कुंपणाच्या मेढी व मांडवाचीं लांकडें. मार्च ते मे या काळांत आगोटीचें सरपण. कोणाकडे जुन्या हापुसाच्या झाडांची छाटणी करून त्यांचें पुनरुज्जीवन करावयाचें असतें. आणि शेवटीं वादळवाऱ्यानें पडलेलीं झाडें. प्रत्येक कामास कितीं दिवस लागले, त्यांपैकीं खरोखर जाड लांकडाचे किती व कोयती-कुऱ्हाडीनें होण्यासारखे किती, हें वेगळें लिहावें. राबासाठीं कवळ तोडणें हें यंत्राचें काम नव्हे. तें कोयतीचेंच आहे व तिनेंच लवकर होतें.

असा हिशेब मांडल्यावर पुष्कळांस आश्चर्य वाटतें. ज्यास 'आमचें लांकडाचें काम बारमाही' असें वाटत असतें त्याचे जाड लांकडाचे दिवस सहा-सातच निघतात.

दिवसांप्रमाणें यंत्र

ज्यांचे असे दिवस वर्षाला चार-पांचांच्या आंत आहेत त्यांनीं यंत्र विकत घेऊंच नये, असें माझें स्पष्ट मत आहे. चांगल्या पोलादाची, वाकड्या दांत्यांची छाटणीची हातकरवत आणि एक धनुष्याकृति चौकटीची करवत एवढीं हत्यारें घरीं ठेवावीं. मनगटाएवढी फांदी हीं हत्यारें सहज कापतात. त्याहून जाड कामास यंत्र व तें चालविणारा जाणता माणूस दोन्ही भाड्यानें आणावीं.

ज्यांचें काम पांचपासून पंधरा दिवसांचें, परंतु घराच्या व विहिरीच्या आसपास, तें हलक्या फांद्यांचें व सरपणाचें आहे, त्यांस विजेचें यंत्र सोईचें पडतें. तारेनें चालणाऱ्या यंत्रास पेट्रोल मिसळावें लागत नाहीं, कार्बुरेटर नसल्यामुळें तो तुंबण्याची भीति नाहीं, आणि सहा महिने ठेवून दिलें तरी बटण दाबतांच सुरू होतें. अडचण तारेची. २००० वॉटचें यंत्र सुमारें ९ अँपियर वीज ओढतें. बारीक, पाऊण चौरस मिलिमीटरची ५० मीटर तार लावली तर तिच्यांतच २० व्होल्टांवर दाब खर्च होतो. त्यांत गांवची वीज आधींच कमी दाबाची असली तर मोटर गरम होऊन जळते. म्हणून तार जाड, अडीच चौरस मिलिमीटरची असावी, वीजगळती होतांच प्रवाह तोडणारें उपकरण जोडणीवर असावें, आणि ओल्या जमिनींत किंवा पावसांत हें यंत्र हातीं धरूंच नये.

बॅटरीवर चालणारीं यंत्रें अलीकडे पुष्कळ आलीं आहेत. चार-सहा इंच पट्टीचीं अगदीं लहान यंत्रें कलमांच्या छाटणीस उत्तम. एका हातीं वजन थोडें, आवाज थोडा. परंतु त्यांजकडून खोड कापण्याची अपेक्षा करूं नये. मोठें बॅटरीचें यंत्र घ्यावयाचें तर बॅटरीवरील आंकडे वाचण्यास शिकावें. ३६ व्होल्ट व ४ अँपियर-तास असें लिहिलेलें असेल तर दोहोंचा गुणाकार १४४ वॉट-तास. कापतांना मोटर १००० वॉट ओढीत असेल तर ही बॅटरी आठ-नऊ मिनिटें सलग कापील. मध्यें थांबत काम केल्यास हीं मिनिटें अर्ध्या तासांत वांटून खर्च होतील. म्हणजे दिवसभराच्या कामास दोन-तीन बॅटऱ्या लागणार, आणि बहुधा खरा पैसा यंत्रांत नसून त्या बॅटऱ्यांत असतो.

ज्यांचें काम पंधरा ते तीस दिवसांचें, बाग घरापासून दूर, व खोडें फूट-सव्वा फूट व्यासापर्यंतचीं, त्यांनीं ३५ ते ४५ सी.सी. चें पेट्रोल यंत्र व १४ ते १६ इंचांची पट्टी घ्यावी. सामान्य बागायतदारास यापलीकडे जाण्याचें कारण पडत नाहीं. ज्यांचे दिवस महिना-दीड महिन्यावर जातात, ज्यांचें स्वतःचें खाजगी रान आहे व ऐन-किंजळासारखें कठीण लांकूड नेहमीं कापावें लागतें, त्यांस ५० ते ६० सी.सी. चें यंत्र व १८ इंची पट्टी योग्य. त्याहून मोठें यंत्र रोजचा धंदा करणाऱ्या लांकूडतोड्याचें. तें चालविण्यास त्याचे दंड पाहिजेत आणि रोजचा सरावही पाहिजे.

पट्टीची लांबी आणि इंजिनाचा जोर

येथें फार लोक फसतात. लांब पट्टी म्हणजे मोठें यंत्र अशी समजूत असते, आणि स्वस्त यंत्रांस मुद्दाम लांब पट्टी लावलेली असते. पट्टी जितकी लांकडांत बुडते तितक्या दांत्यांस एकाच वेळीं जोर लागतो; इंजिन लहान असलें तर सांखळी अडखळते, माणूस यंत्र दाबूं लागतो, आणि पट्टी, सांखळी व इंजिन तिन्हीं तापून झिजतात. नेहमींच्या खोडाच्या व्यासाहून दोन इंच लांब पट्टी पुरे. एखादें खोड त्याहून जाड निघालें तर दोन्ही बाजूंनीं कापून तें उरकतां येतें. त्यासाठीं वर्षभर जड पट्टी वागविण्याची गरज नाहीं.

लांकडाची जातही पाहावी. आंबा व काजू हीं मऊ. लहान यंत्र त्यांस पुरे. ऐन, किंजळ, खैर हीं कठीण. तेथें त्याच जाडीस इंजिनाचा जोर अधिक लागतो. माडाचें लांकूड फसवें आहे. आंतील गाभा मऊ असतो, परंतु बाहेरचा थर कठीण व तंतुमय असून तो सांखळीची धार फार लवकर घालवितो. निसर्ग वादळानंतर माड कापणाऱ्यांनीं हा अनुभव पुरेपूर घेतला. माड कापावयाचे असतील तर एक जादा सांखळी व कानस बरोबर असावी.

पैशाचा हिशेब

आतां विकत घेणें व भाड्यानें आणणें यांतील हिशेब पाहूं. पुढील आंकडे केवळ रीत समजण्यासाठीं धरले आहेत. वाचकांनीं आपल्या गांवचे आंकडे घालून तो पुन्हां करावा.

समजा, यंत्राची किंमत २०,००० रुपये व तें आठ वर्षें टिकेल असें धरलें, तर वर्षाची झीज २,५०० रुपये. सांखळी, कानस व किरकोळ दुरुस्ती मिळून वर्षास २,००० रुपये. म्हणजे यंत्र घरीं असल्याबद्दल ४,५०० रुपये वर्षाला पडले. माणसासह यंत्राचें भाडें दिवसाला २,००० रुपये धरूं. आपलें यंत्र असतां पेट्रोल, तेल व चालविणाऱ्याची मजुरी मिळून दिवसाला १,२०० रुपये लागतात असें धरलें तर रोजची बचत ८०० रुपये. ४,५०० स ८०० नीं भागल्यास साडेपांचच्या वर येतात. म्हणजे वर्षाला निदान सहा दिवस काम असेल तरच हें यंत्र अंगाबाहेर पडत नाहीं. तोच हिशेब ४०,००० रुपयांच्या यंत्रास लावला, झीज ५,००० व दुरुस्ती ३,००० धरली, तर दहा दिवस लागतात.

यावर कोणी म्हणेल कीं थोडें वापरलेलें यंत्र आठाऐवजीं सोळा वर्षें टिकेल. पेट्रोल यंत्राच्या बाबतींत असें घडत नाहीं. न वापरल्यानेंही तें खराब होतें, आणि त्याची कारणें पुढें दिलीं आहेत. ज्यांचे दिवस दोन-तीनच आहेत अशा चार-पांच शेजाऱ्यांनीं मिळून एक यंत्र घ्यावें, ही युक्ति चांगली. परंतु चालविणारा व देखभाल करणारा माणूस एकच नेमावा. सर्वांचें यंत्र तें कोणाचेंच नसतें, व धार न लावतां तें एका हातून दुसऱ्या हातीं जात राहतें.

इंधन, तेल आणि पावसाळा

हीं पेट्रोल यंत्रें टू-स्ट्रोक असतात. म्हणजे इंजिनाचें वंगण पेट्रोलमध्येंच मिसळावें लागतें. चांगलें टू-स्ट्रोक तेल असेल तर बहुतेक कंपन्या पन्नासास एक हें प्रमाण सांगतात, म्हणजे एक लिटर पेट्रोलमध्यें २० मिलिलिटर. कांहीं यंत्रांस पंचविसास एक, म्हणजे ४० मिलिलिटर लागतें. यंत्राच्या पुस्तिकेंत असेल तेंच प्रमाण मापानें घ्यावें. डोळ्यांच्या अंदाजानें ओतूं नये. तेलावांचून नुसतें पेट्रोल घातलें तर थोड्याच मिनिटांत सिलिंडर व पिस्टन खरवडून निघतात. सांखळीचें तेल निराळें असून त्याची टाकीही निराळी असते. पेट्रोल भरतांना दरवेळीं तीही भरावी. मोटारींतून काढलेलें काळें तेल सांखळीस वापरूं नये. त्यांतील धातूचा कीस पट्टी झिजवितो व तें त्वचेसही अपायकारक असतें.

आतां न वापरण्यानें होणारें नुकसान. आपल्याकडे पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें. पाणी अधिक झालें म्हणजे तें पेट्रोलपासून वेगळें होऊन तळाशीं बसतें. कार्बुरेटरांतील पातळ पडदा व रबराच्या नळ्या याच इंधनांत महिनोन्‌महिने राहिल्यानें ताठरतात, बारीक छिद्रें चिकट थरानें बुजतात. कोंकणच्या पावसाळ्यांतील दमट हवेंत हें सर्व अधिक त्वरेनें होतें. यासाठीं मिश्रण महिन्याभराच्या कामापुरतेंच करावें. यंत्र ठेवून द्यावयाचें असेल तेव्हां टाकी रिकामी करावी, मग यंत्र सुरू करून तें आपोआप बंद पडेपर्यंत चालूं द्यावें, एअर फिल्टर झाडावा, सांखळी काढून तेलांत बुडवून ठेवावी, पट्टीची खांच साफ करावी, आणि यंत्र चुलीच्या धुराजवळ किंवा ओल्या भिंतीस टेकून न ठेवतां कोरड्या पेटींत ठेवावें.

धार लावणें हें तर रोजचें काम. जेवढी भोंवरी लहान तेवढी कानस बारीक; लहान यंत्राच्या सांखळीस ४ मिलिमीटर, मध्यम यंत्रास ४.८ मिलिमीटर अशी गोल कानस साधारणतः लागते. प्रत्येक दांत्यावर आंतून बाहेर, एकाच दिशेनें, सारखेच तीन-चार हात मारावे. एका बाजूस अधिक मारल्यास काप तिरका जातो. लांकडाचे जाड कीस पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडूं लागला कीं थांबून कानस घ्यावी. बोथट सांखळीनें दाबून कापणें यासारखी यंत्राची व माणसाची दुसरी हानि नाहीं.

जिवाची काळजी

माझे धाकटे बंधू शेती पाहतात. २०२० च्या वादळांत आमचीं अकरा कलमें व पंधरा-वीस माड पडले. त्यांनीं घाईंत तालुक्याच्या बाजारांतून ५८ सी.सी. चें, बावीस इंची पट्टीचें यंत्र आणिलें. मीं विचारिलें, "अरे, एवढें मोठें कशाला?" ते म्हणाले, "दादा, मोठें घेतलें म्हणजे लहान काम त्यांत येतेंच." त्या महिन्यांत त्या यंत्रानें काम केलें, यांत संशय नाहीं. पुढें तें पेट्रोलसकट पडवींत राहिलें. २०२१ च्या मे महिन्यांत तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलें आणि गोठ्यावर फणस पडला, तेव्हां तें सुरूच होईना. दोन दिवस हातकरवतीवर काढून मग दुरुस्ती झाली. दुरुस्त झालेल्या यंत्राचा चेन ब्रेक नीट लागत नव्हता, हें कोणीं पाहिलें नाहीं. वर्षभर सरावही नव्हता. पडलेल्या फणसाची एक फांदी कापतांना लांब पट्टीचें टोंक पलीकडच्या फांदीस लागलें आणि यंत्र उसळून डाव्या हातावर आलें. हात वांचला; दोन बोटें अजून पुरीं मिटत नाहींत.

ही उसळी कशी येते हें प्रत्येकानें समजून घ्यावें. पूर्ण वेगांत सांखळी सेकंदाला सुमारें २० मीटर धांवते. पट्टीच्या टोंकाचा वरचा चतुर्थांश भाग कशासही लागला कीं दांते अडकतात व तोच वेग सबंध यंत्रास मागें, चालविणाऱ्याच्या तोंडाकडे फेंकतो. डोळ्याची पापणी लवण्यापूर्वीं हें घडून जातें. पट्टी जितकी लांब तितकें तिचें टोंक नजरेआड राहतें. म्हणून गरजेहून लांब पट्टी हा नुसता वायफळ खर्च नसून धोकाही आहे. चेन ब्रेक नसलेलें यंत्र घेऊं नये व असलेला ब्रेक रोज काम सुरू करण्यापूर्वीं लावून पाहावा. डाव्या हाताचा आंगठा पुढच्या मुठीखालीं वळवून धरावा, यंत्राच्या सरळ रेषेंत तोंड ठेवूं नये, खांद्यावर यंत्र नेऊन कापूं नये, आणि शिडीवर किंवा झाडावर चढून हें यंत्र चालवूं नये. कलमाची उंच फांदी काढावयाची असेल तर लांब दांड्याची करवत जमिनीवरून वापरावी किंवा हातकरवत घेऊन चढावें.

पडलेलें झाड उभ्या झाडाहून अधिक कपटी असतें. वांकलेल्या फांदीची एक बाजू दबलेली व दुसरी ताणलेली असते. एकदम ताणलेल्या बाजूनें कापल्यास फांदी फाटून अंगावर येते. दबलेल्या बाजूनें खोल कापल्यास पट्टी चिमटींत सांपडते. म्हणून दबलेल्या बाजूस आधीं थोडी खांच घ्यावी व मग ताणलेल्या बाजूनें हळूहळू कापावें. मुळासकट उपटलेल्या झाडाचें खोड कापतांच मुळांचा गड्डा पुन्हां खड्ड्यांत उभा राहूं शकतो. त्याच्या मागें मूल, माणूस किंवा गुरूं असतां कामा नये. डोळ्यांवर जाळी किंवा चष्मा, कानांवर झांकण, पायांत जाड बूट व मांडीवर कापास अडविणारें आवरण, हा खर्च यंत्राच्या किंमतींतच धरावा. यंत्राचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. कान झांकल्यावांचून रोज तो ऐकणारा माणूस कांहीं वर्षांनीं बहिरा होतो.

परवानगीची बाब

यंत्रानें एका दुपारीं जें झाड पडतें तें वाढण्यास पन्नास वर्षें लागलेलीं असतात. झाड आपल्या जमिनींत असलें तरी सर्वच झाडें मनास येईल तेव्हां तोडतां येत नाहींत. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचींत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, मोह, खैर, चंदन, ऐन, किंजळ इत्यादि झाडें आहेत. तीं तोडण्यापूर्वीं वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. तसेंच लांकूड बाहेर न्यावयाचें तर वाहतुकीच्या परवान्याची चौकशी वन खात्याकडे आधीं करावी. बांधावरचें झाड असेल तर तें कोणाच्या गटांत मोडतें हें मोजणीच्या खुणांवरून नक्की करावें. महसुलाच्या कचेरींत आयुष्य घालविल्यामुळें सांगतों, एका झाडावरून सुरू झालेला भावकीचा तंटा त्या झाडाच्या लांकडाहून कितीतरी पट पैसा खाऊन जातो. वादळानें पडलेल्या झाडांचेंही, तोडण्यापूर्वीं पंचनामा व छायाचित्र करून ठेवणें हिताचें. नुकसानभरपाईच्या वेळीं तेंच उपयोगी पडतें.

सारांश

तात्पर्य, प्रथम वर्षाचे दिवस मोजावे. नंतर खोडाची जाडी व लांकडाची जात पाहावी. नंतर पट्टी, त्यानंतर इंजिन, आणि सर्वांत शेवटीं किंमत. जवळच्या गांवीं ज्याचे सुटे भाग व दुरुस्ती मिळत नाहीं तें यंत्र स्वस्त असलें तरी घेऊं नये. विकत घेण्यापूर्वीं दुकानांत तें सुरू करून पाहावें. थ्रॉटल सोडल्यावर इंजिन मंद चालत असतां सांखळी स्थिर राहिली पाहिजे. ती फिरत राहिली तर यंत्र परत करावें.

आमच्या घरचें बावीस इंची यंत्र बंधूंनीं पुढें एका लांकूडतोड्यास दिलें. त्याच्याकडे तें रोज चालतें व चांगलें चालतें. आमच्याकडे आतां दोन हातकरवती व एक लहान विजेचें यंत्र आहे, आणि जाड काम निघालें तर त्याच माणसास तेंच यंत्र घेऊन बोलावितों. परवां हिशेबाची वही लिहितांना बंधू म्हणाले, "दादा, तेव्हां मी यंत्राचे इंच मोजले, आपले दिवस मोजलेच नाहींत." वाचकांनीं खरेदीपूर्वीं ही मोजणी केली तर या लेखाचें सार्थक झालें असें मी समजेन.